टाउनशिपची सुनावणी: मागच्या अंगणातला रेडिओ टॉवर आणि कोपऱ्यावरचं चर्च

पारिजात

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपमध्ये सध्या दोन अर्जांवरून रान पेटलंय. विरोध करणाऱ्यांत आपली मराठी मंडळी बरीच पुढे आहेत, म्हणून इथे लिहितेय.

पहिला अर्ज आमच्या मागच्या घरातल्या आजोबांचा. निवृत्त इंजिनिअर आहेत, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना तरुणपणापासूनचा. त्यांना परसात ७० फुटी टॉवर उभारायचाय. कुठे काय बांधायचं याचे टाउनशिपने झोन पाडलेत; आमच्या झोनमध्ये अशा दुय्यम बांधकामाला ३५ फुटांची मर्यादा आहे, त्यामुळे त्यांनी व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागितलाय. दुसरा अर्ज एका मल्याळी ख्रिस्ती मंडळीचा. शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन त्यांची रविवारची उपासना चालते. आता आमच्या वसाहतीच्या तोंडाशी असलेली झाडांच्या नर्सरीची जुनी जागा त्यांनी विकत घेतलीय, तिथे चर्च बांधायचंय. रेसिडेन्शिअल झोन आहे, पण आमच्या वटहुकमात, म्हणजे टाउनशिपच्या नियमांत, अटी पाळल्या तर प्रार्थनास्थळाला जागा आहे.

दोन्ही अर्ज एकाच संध्याकाळी झोनिंग बोर्डापुढे आले. त्याआधी आठवडाभर वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललं होतं ते वाचून मला झोप येईना. टॉवरमुळे कॅन्सर होतो, चर्च आलं की घरांच्या किमती कोसळतात, "हे लोक" आज पन्नास आहेत उद्या पाचशे होतील. एक याचिका फिरली आणि भराभर सह्या झाल्या. किती जणांनी अर्ज वाचला होता कोण जाणे. नकाशे टाउनशिपच्या कार्यालयात कुणालाही बघायला ठेवलेले असतात. मी गेले तेव्हा क्लार्कबाई म्हणाल्या, बघायला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

सुनावणीत काय झालं ते सांगते. आमच्यातले एक गृहस्थ याचिकेचा गठ्ठा घेऊन उठले. बोर्डाच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की सह्यांची याचिका पुरावा म्हणून घेता येत नाही, कारण सही करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. ज्याला बोलायचंय त्याने पुढे यावं, शपथ घ्यावी आणि स्वतः बोलावं. मग सह्या करणाऱ्यांपैकी फार थोडे उठले. जे उठले त्यांतले बरेच "नेबरहूडचं कॅरेक्टर बिघडेल" एवढंच म्हणून बसले. अर्जदाराच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय बिघडेल?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शेजाऱ्याने आक्षेप घेऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या घरालगत काय उभं राहतं हे विचारायचा हक्क आपल्याला आहे आणि तो बजावायलाच हवा. पण आक्षेप फुटांत, गाड्यांत, डेसिबलमध्ये, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यात सांगता आला पाहिजे. आणि जी मोजपट्टी आपण त्या चर्चला लावतो तीच उद्या आपल्या गणपती मंदिराला लागणार आहे, हे विसरून कसं चालेल? या राज्यात आपली जी देवळं उभी राहिली ती सगळी अशाच कुठल्या ना कुठल्या बोर्डासमोरून गेलीत.

दोन्ही प्रकरणांत निकाल अजून यायचाय. जाणकारांनी लिहावं.

गल्लीतला

पारिजातताई, तुमच्याच टाउनशिपमध्ये नसलो तरी मी याच अवस्थेतून गेलोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या कल-डी-सॅकच्या (पुढे बंद असलेल्या गल्लीच्या) तोंडाशी एक प्रार्थनास्थळ आलं. कुठल्या धर्माचं ते सांगत नाही, कारण मुद्दा तो नाहीच. कागदावर पार्किंग पुरेसं होतं. प्रत्यक्षात सणावाराला दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून एकच गाडी जेमतेम जाते. माझ्या आईला रात्री श्वास लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली. स्ट्रेचर चालत आणावं लागलं. आई वाचली, पण ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

सुनावणीत आम्ही बोललो होतो. तेव्हा अर्जदाराचा ट्रॅफिक इंजिनिअर आकडे घेऊन उभा होता आणि आमच्याकडे नुसती भीती होती. सामान्य माणसाने आकडे आणायचे कुठून? तज्ज्ञाची फी कोण भरणार? जमिनीचा झोन ठरलेला असतो, त्यावर विसंबून आम्ही घर घेतो, तीस वर्षांचं कर्ज काढतो. मग एकेक अपवाद होत गेला तर झोन हवाच कशाला?

टॉवरबद्दल माझं मत तितकं पक्कं नाही. पण ७० फूट म्हणजे सहा-सात मजले. खिडकीतून रोज तेच दिसणार.

चौदा मेगाहर्ट्झ

टॉवरबद्दल मी लिहितो. पुण्यात असताना व्हीयू टूने सुरू होणारी भारतीय कॉलसाइन (हॅमचं ओळखचिन्ह) होती, इथे आल्यावर इथला परवाना काढला.

आधी उंची कशाला लागते ते. दूरच्या संपर्कासाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो २० मीटरचा बँड (लहरींचा पट्टा), म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे एका तरंगाची लांबी साधारण ७० फूट. अँटेना जमिनीच्या फार जवळ असली तर बरीचशी शक्ती सरळ आभाळाकडे जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परत येऊन जवळपासच पडते. लांब पोचायचं तर लहरी क्षितिजालगत सुटायला हव्यात, आणि त्यासाठी अँटेना निदान अर्ध्या तरंगाइतकी, जमलं तर पूर्ण तरंगाइतकी उंच हवी. न्यू जर्सीहून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. अँटेना ईशान्येला वळवायची, सकाळची वेळ धरायची, तिकडे संध्याकाळ असते. तीस फुटांवरच्या तारेने हा संपर्क कधी लागतो, बहुतेकदा लागत नाही. तेव्हा त्या आजोबांनी ७० हा आकडा उगाच टाकलेला नाही.

आता कायदा. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ च्या सप्टेंबरमध्ये एक निर्णय दिला, हॅम लोक त्याला पीआरबी-वन म्हणतात. गावाला टॉवरवर नियम करता येतात, पण हौशी रेडिओची वाजवी सोय झाली पाहिजे आणि नियम हेतू साधण्यापुरता, कमीत कमी असला पाहिजे. सरसकट "३५ फुटांच्या वर नाही म्हणजे नाही" हे त्यात बसत नाही. मिनेसोटातल्या मेंडोटा हाइट्स गावात मर्यादा २५ फुटांची होती आणि एका परवानाधारक बाईंनी ६८ फुटांची अँटेना मागितली होती. गावाने नकार दिला. आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या फेडरल, अपील कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलं की गावाने वाजवी सोय केलेली नाही. पण याचा अर्थ मागेल तितकी उंची मिळते असा नाही. गावाने खरोखर तोडगा शोधायचा प्रयत्न केला आणि अर्जदारच अडून बसला, तर कोर्ट गावाच्या बाजूनेही जातं.

काही राज्यांनी आकडेच ठरवून टाकलेत. व्हर्जिनियात दाट वस्तीच्या काउंटीत ७५ फुटांपर्यंत आणि विरळ वस्तीत २०० फुटांपर्यंत स्थानिक वटहुकमाने उंचीवर बंधन घालता येत नाही. २०० फुटांच्या पुढे गेलं की विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं. विमानतळ जवळ असेल तर त्याच्या खालीही.

गल्लीतला, दिसण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय असतो. क्रँक-अप टॉवर मिळतात, एकात एक सरकणारे. वापर नसताना खाली घेतला की वीस-पंचवीस फूट राहतो, झाडांच्या मागे जातो. तारांनी ताणलेल्या टॉवरपेक्षा महाग पडतो, पण शेजार टिकतो.

मनवा आई

सगळं ठीक, पण किरणोत्सर्गाचं काय? आमची मुलं त्या अंगणालगत खेळतात. मोबाईल टॉवरबद्दल इतकं ऐकतो. मनापासून विचारतेय, कृपया कुणी चिडू नका.

चौदा मेगाहर्ट्झ

चिडायचं काय त्यात, हा प्रश्न प्रत्येक सुनावणीत येतो आणि यायलाच हवा.

हॅमचा टॉवर आणि मोबाईलचा टॉवर या दोन वेगळ्या गोष्टी. मोबाईलचा अहोरात्र चालू असतो. हॅम माणूस बोलतो तेव्हाच लहरी सुटतात, उरलेला वेळ तो ऐकत असतो. बहुतेकांचा रेडिओ १०० वॉटचा, कायद्याने कमाल १५०० वॉट. माणसांच्या जवळ क्षेत्र किती तीव्र असावं याच्या फेडरल मर्यादा आहेत, आणि २०२१ पासूनच्या नियमांनी हॅम केंद्रांनाही हिशोब करून पाहणं बंधनकारक आहे. त्या आजोबांकडे तो कागद मागा. कुठलाही जबाबदार हॅम तो आनंदाने दाखवेल. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: अँटेना जितकी उंच तितकी ती तुमच्या मुलांपासून लांब. तीच अँटेना छपरावर लावली तर अंतर कमी होतं.

टीव्हीत खरखर आली तर तो विषय मात्र गावाच्या अखत्यारीत नाही, तो फेडरल कमिशनचा. आधी आजोबांचं दार वाजवा. नव्वद टक्के वेळा तारेवर बसवायच्या एखाद्या फेराइट कड्याने काम होतं, असा माझा अनुभव.

सँडी वादळात २०१२ साली इथे किती दिवस वीज नव्हती ते जुन्या लोकांना आठवत असेल. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोसाठी रेड क्रॉसने ५० हॅम स्वयंसेवक मागितले होते. २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारतातल्या हॅम मंडळींचा एक चमू योगायोगाने अंदमानातच होता, त्यांनी तिथून निरोप पोचवले. ही यंत्रणा लोकांच्या परसातल्या टॉवरांवर उभी आहे.

आराखडा

मी इथे नगररचना क्षेत्रातच काम करते. गल्लीतला यांनी विचारलं, अपवाद होत गेले तर झोन हवाच कशाला. प्रश्न चांगला आहे, सविस्तर लिहिते.

झोनिंगला १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली. कारखाने, दुकानं, घरं वेगवेगळी ठेवायचा अधिकार गावाला आहे असं ठरलं. पण सरसकट नियम प्रत्येक भूखंडाला बसत नाही, म्हणून व्हेरियन्सची सोय कायद्यातच आहे. व्हेरियन्स हा झोनिंगचाच भाग झाला. तो कुणी मागच्या दाराने मिळवत नाही.

न्यू जर्सीत दोन प्रकार आहेत. वापराशी संबंधित मोठा व्हेरियन्स असेल तर बोर्डाची किमान पाच मतं बाजूने पडावी लागतात, नुसतं बहुमत चालत नाही. उंची, अंतर अशा मोजमापांचा छोटा असेल तर साधं बहुमत. टॉवर हे दुय्यम बांधकाम, तो बहुतेक दुसऱ्या प्रकारात जाईल. चर्च अटींसह चालणारा वापर आहे. सगळ्या अटी पाळल्या तर प्रश्नच नाही, एखादी चुकली की पाच मतांचा डोंगर. प्रार्थनास्थळ, शाळा, इस्पितळ यांना इथली कोर्टं मुळातच लोकोपयोगी वापर मानतात, त्यामुळे अर्जदाराचं ओझं थोडं हलकं होतं. तरी दुष्परिणाम आणि उपयोग यांचा तोल बघितला जातोच.

२०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या दहा दिवस आधी नोटीस यायला हवी. नोटीस चुकली तर सुनावणीच रद्द होऊ शकते. तज्ज्ञ नेमायला पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. अर्जदाराच्या तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि चांगला प्रश्न फुकट असतो. गाड्या कुठल्या वारी मोजल्या? शाळेच्या सुट्टीत की चालू शाळेत? नाताळच्या रात्री जास्तीच्या गाड्या कुठे लावणार? अग्निशमन अधिकाऱ्याचं पत्र कुठाय? गल्लीतला, तुमच्या आईच्या वेळचा प्रसंग तुम्ही शपथेवर सांगितला असता तर तो पुरावा झाला असता. एखाद्या याचिकेवरच्या ढीगभर सह्यांपेक्षा तो जड.

आता बर्नार्ड्स टाउनशिपचं प्रकरण सगळ्यांनी समजून घ्यावं, कारण ते आपल्याच राज्यातलं आहे. बास्किंग रिजच्या इस्लामिक सोसायटीने २०१२ मध्ये चार एकरांवर मशिदीसाठी अर्ज केला. त्या झोनमध्ये प्रार्थनास्थळाला तेव्हा मुभा होती. पुढे साडेतीन वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या. गावचा नियम होता दर तीन माणसांमागे एक गाडी, १५० माणसांना ५० जागा. चर्च आणि सिनेगॉगना हाच हिशोब लावला होता. मशिदीला मात्र १०७ जागा लागतील असं सांगितलं गेलं. त्या जागा बसवायच्या तर पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा बदलला, तो बदलला की दुसरे आक्षेप. शेवटी अर्ज फेटाळला. ३१ डिसेंबर २०१६ ला फेडरल न्यायाधीशांनी पार्किंगच्या मुद्द्यावर गावाविरुद्ध निकाल दिला, आणि २०१७ मध्ये ३२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिजवॉटरने एका मशिदीच्याच प्रकरणात ७७.५ लाखांची तडजोड केली होती. अर्ज आल्यावर प्रार्थनास्थळांचा नियमच बदलून ती ठरावीक रस्त्यांपुरती मर्यादित केली होती.

पार्किंगबद्दल विचारणं गैर नव्हतं. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हे गैर होतं.

गल्लीतला

आराखडाताई, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. उलट प्रश्न विचारता येतात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पण मग फेडरल कायद्याचा धाक दाखवून कुणीही काहीही बांधू शकेल ना? गावाला कोर्टाचा खर्च परवडत नाही म्हणून गाव मान तुकवतं, असं आमच्याकडे उघड बोललं गेलं.

सॅन अँटोनियोकर

हा फेडरल कायदा कुठून आला ते आमच्या शेजारच्या गावाशी जोडलेलं आहे, म्हणून लिहितो. बर्नी हे टेक्सासमधलं छोटं गाव, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे सेंट पीटर नावाचं कॅथलिक चर्च, १९२३ सालचं दगडी, स्पॅनिश मिशनच्या धाटणीचं. बसायची सोय २३० जणांची. वस्ती वाढली, रविवारच्या काही मिस्सांना (उपासनांना) चाळीस ते साठ माणसं बाहेर राहू लागली. आर्चबिशपांनी वाढवायला परवानगी दिली. गावाने तेवढ्यात ऐतिहासिक भाग जाहीर केला आणि बांधकामाला नकार दिला.

आर्चबिशप कोर्टात गेले ते १९९३ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन. १९९७ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की राज्यांवर आणि गावांवर असा कायदा लादायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, नाही. म्हणजे गाव जिंकलं. पण त्यानंतर दोघं बसले आणि तडजोड केली. जुन्या इमारतीचा ऐंशी टक्के भाग जसाच्या तसा राखला आणि मागे ७५० आसनांची नवी वास्तू उभी राहिली. मी बाहेरून पाहिलंय. रस्त्यावरून अजून तेच जुनं चर्च दिसतं.

या निकालानंतर काँग्रेसने २००० साली नवा, मर्यादित कायदा केला, प्रार्थनास्थळांच्या जमिनीचा वापर आणि तुरुंगासारख्या संस्थांतली माणसं एवढ्यापुरता. त्यालाच इथे रलुइपा म्हणतात. दोन्ही सभागृहांत तो एकमताने झाला आणि क्लिंटन यांची सही सप्टेंबरमध्ये झाली. मला त्या तडजोडीचं अप्रूप वाटतं. सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून जे मिळालं नाही ते टेबलावर मिळालं, आणि दोघांनाही मिळालं.

वसईची लेक

बरेच दिवस इथे वाचते, क्वचित लिहिते. आज राहवलं नाही.

मी वसईची. आमच्या घरी सामवेदी बोलतात, चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, आजी लुगडं नेसून रविवारी पहिल्या बाकावर बसायची. इथे आल्यावर मराठी मंडळात जाते, दिवाळी अंकांची वाट पाहते. त्यामुळे "चर्चवाले हे लोक" असं मराठी ग्रुपवर वाचलं की मला कळत नाही की मी कुठल्या बाजूला उभी आहे. पारिजात, तू ते ग्रुपवरचे शब्द इथे जसेच्या तसे मांडलेस, बरं केलंस.

जागा भाड्याने घेऊन उपासना करणं म्हणजे काय असतं हे मी जवळून पाहिलंय. दर रविवारी खुर्च्या मांडायच्या, वेदीचं सामान गाडीतून आणायचं, संपल्यावर पुन्हा बास्केटबॉलचं मैदान जसंच्या तसं करून द्यायचं. शाळेचा कार्यक्रम निघाला की त्या आठवड्यात उपासना नाही. कुणी वारलं तर सभागृह मोकळं आहे का हे आधी विचारायचं, मग घरच्यांना वेळ सांगायची. त्या मल्याळी मंडळींनी जागा घेतली ती हौस म्हणून नसेल.

गल्लीतलादादा, तुमच्या आईचं वाचून पोटात कालवलं. चर्चच्या कमिटीतल्या कुणी ते वाचलं तर पहिल्यांदा रस्ता मोकळा ठेवायचं ठरवतील. त्यांच्याशी कुणी आधी चहावर बोललं का?

हॅरोचा पाहुणा

इंग्लंडमधून. इथे झोनिंग नाही, प्लॅनिंग परमिशन आहे, पण भांडण तेच. हर्टफर्डशायरमध्ये लेचमोर हीथ नावाचं चिमुकलं गाव. तिथलं भक्तिवेदांत मॅनर, आता मंदिर असलेला वाडा, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये हरे कृष्ण मंडळींना दिलं. जन्माष्टमीला हजारो माणसं गावातल्या अरुंद गल्लीतून जाऊ लागली. गावकऱ्यांचा त्रास खोटा नव्हता. प्रकरण इतकं चिघळलं की १९९४ मध्ये सार्वजनिक उपासनाच बंद करायची वेळ आली आणि लंडनच्या रस्त्यांवर हजारोंनी मोर्चा काढला. सुटलं कसं? १९९६ मध्ये गावाला वळसा घालून जाणाऱ्या वेगळ्या रस्त्याला मंजुरी मिळाली. गाड्या गावात शिरायच्या थांबल्या. मी जन्माष्टमीला तिथे स्वयंसेवक म्हणून गाड्या लावून देतो. आता गावाच्या गल्लीत शांतता असते.

वीस वर्षं जे भांडण चाललं त्याचं उत्तर एक रस्ता होतं.

आराखडा

गल्लीतला यांच्या "कुणीही काहीही बांधेल" या शंकेबद्दल राहिलं होतं.

तसं होत नाही. रलुइपाखाली चर्चलाही अर्ज करावा लागतो, अटी पाळाव्या लागतात. शिकागोतल्या काही चर्चनी जागा मिळत नाही, महाग पडते, परवानगीला वेळ लागतो म्हणून दावा केला होता. सातव्या सर्किटने २००३ मध्ये सांगितलं की हे सगळ्यांनाच सोसावं लागतं, यात धर्मावर विशेष ओझं नाही. चर्च हरली.

याउलट कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या शीख मंडळीचं बघा. आधी घरांच्या भागात दोन एकरांहूनही लहान जागा घेतली. आवाज आणि रहदारीचं कारण देऊन नकार. मग गावाबाहेर शेतजमिनीत जवळपास २९ एकर घेतले. तिथे प्लॅनिंग कमिशनने होकार दिला, पण काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने गावापासून फार लांब म्हणून नकार दिला. आत या तर गोंगाट, बाहेर जा तर लांब. मग जायचं कुठे? नवव्या सर्किटने २००६ मध्ये गुरुद्वाराच्या बाजूने निकाल दिला.

अजून एक, टॉवर आणि चर्च दोन्हीला जोडणारं. बहुतेक वटहुकमांत उंचीच्या मर्यादेतून चर्चचं शिखर, चिमणी, ध्वजस्तंभ यांना सूट असते. आपल्या देवळांच्या शिखरांनाही त्याच कलमाचा आधार मिळतो. पारिजात, तुमच्या शेजारच्या आजोबांच्या वकिलाने तुमच्या वटहुकमात ते कलम वाचलं असेलच. शिखर ७० फूट चालतं तर जाळीदार टॉवर का नाही, हा प्रश्न बोर्डाला उत्तर द्यायला लावतो.

मोबाईलच्या टॉवरचं प्रकरण वेगळ्या कायद्याखाली, १९९६ च्या. जॉर्जियातल्या रॉसवेलमध्ये घरांच्या भागात पाइनच्या झाडासारखा दिसणारा १०८ फुटी टॉवर मागितला होता. गावाने नाकारला, पण कारणं वेळेत लेखी दिली नाहीत. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गावाला त्यावरूनच फटकारलं. नाही म्हणा, पण का ते लिहून द्या.

कल्याणीनगर ते कॅरी

एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असलेल्या वसाहतीत राहणाऱ्यांनी वरचं वाचून हुरळून जाऊ नये. पीआरबी-वन गावाच्या नियमांना लागू आहे, घर घेताना आपण ज्या खासगी करारावर सही करतो त्याला नाही. छोट्या डिश अँटेनांना १९९६ पासून फेडरल संरक्षण आहे, हॅमला नाही. त्यासाठी विधेयक प्रतिनिधीगृहात दोनदा मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. मी छपराच्या आत, पोटमाळ्यावर तार लावून भागवतोय. युरोप लागतो, भारत फार क्वचित.

पारिजात

सगळ्यांचे आभार. दुसरी सुनावणी झाली, काय झालं ते सांगते.

आजोबांचा टॉवर बहुमताने मंजूर झाला. त्यांनी स्वतःहूनच क्रँक-अपचा नवा नकाशा आणला. अटी अशा: वापर नसेल तेव्हा टॉवर खाली, पायथ्याला कुलूपबंद कुंपण म्हणजे मुलं चढणार नाहीत, आणि आमच्या बाजूला सदाहरित झाडांची रांग. मनवा आई, मी लहरींच्या हिशोबाचा कागद मागितला. त्यांनी अंगणाचा नकाशाच काढून आणला होता, कुठे किती ते लिहून. तो त्यांनी बोर्डाला दिला आणि एक प्रत माझ्या हातात ठेवली. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो टाकला. त्यानंतर कॅन्सरचा मेसेज आला नाही.

चर्चची सुनावणी पुढच्या महिन्यात ढकलली. वसईची लेक, तू चहाचं म्हणालीस त्यावरून आम्ही चार जणी त्यांच्या कमिटीला भेटलो. त्यांना आमच्या शाळेची बस कुठे वळते हेच माहीत नव्हतं. आता नर्सरीच्या मागच्या रस्त्याने दुसरं फाटक काढता येईल का ते त्यांचा इंजिनिअर पाहतोय. नाताळ आणि ईस्टरला शाळेचं पार्किंग वापरायचं लेखी ठरवतील, तसं पत्र बोर्डाला देणार आहेत. ग्रुपवरचे दोन-तीन जण अजून अजिबात तयार नाहीत. घराच्या किमतीबद्दल त्यांची भीती आहे आणि ती मी बोलून घालवू शकत नाही. त्यांनाही मी सांगितलंय की या, शपथ घ्या, बोला.

मी स्वतः चर्चच्या बाजूने बोलणार आहे, दुसऱ्या फाटकाच्या अटीसह.

गल्लीतला

पारिजातताई, ट्रॅफिकचा अहवाल मिळाला असेल तर एक बघा. त्यांच्यात बुधवारी संध्याकाळीही उपासना असते का, आणि असेल तर त्या वेळच्या गाड्या मोजल्यात का? आमच्याकडे फक्त रविवार मोजला होता. घोळ नेमका आठवड्याच्या मधल्या दिवशी होतो, सगळे कामावरून परतत असतात तेव्हा.

आराखडा

अगदी बरोबर. आणि हे सुनावणीच्या दिवसापर्यंत ठेवू नका. बोर्डाचा स्वतःचा इंजिनिअर असतो, तो अर्जाचं परीक्षण करून पत्र देतो. आत्ताच बोर्डाच्या सचिवांना लेखी कळवा की बुधवारची मोजणी त्या पत्रात यावी. आलं तर अर्जदाराला उत्तर द्यावंच लागतं.

पारिजात

अहवाल उघडून पाहिला. रविवार सकाळ आणि शनिवार संध्याकाळ आहे, बुधवार नाही. सचिवांना आजच लिहितेय. पत्राचा मसुदा रात्री इथे टाकते, आराखडाताई, नजर टाकाल का?